काशीला न गेलेले मामा

आपण एकेकाळी वेडे होतो, हे भर बाजारात छाती पुढे काढून सांगणारा अख्ख्या सोलापुरात एकच शहाणा माणूस होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या सौभाग्यवतींचा मामा निघाला. लोक ज्या सुरात आपली वतने आणि मानपान सांगतात, त्या सुरात मामा आपले वेड सांगत. ही एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. त्या काळी घरात कुणाला असे काही झाले की आधी देवऋषी, मग दाराला कुलूप आणि शेजाऱ्यांना एखादी थाप, असा ठरलेला क्रम असे. मामा सुताचे व्यापारी. एकुलता मुलगा तापाने गेला, आणि मागांची खटखट आपल्यालाच नावे ठेवते आहे असे त्यांना वाटू लागले. जेवण तुटले, झोप उडाली. शेवटी त्यांना पुण्याकडे वेड्यांच्या दवाखान्यात ठेवले, आणि मामींनी गल्लीत सांगून टाकले, की हे काशीला गेलेत.

बरे होऊन मामा परतले, तो दारात ही गर्दी! बायका गंगाजलासाठी गडू घेऊन आलेल्या, म्हाताऱ्या पाया पडायला वाकलेल्या. दुसरा कुणी असता तर आडाचे पाणी वाटून मोकळा झाला असता. मामा पायरीवर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "गंगा कुटनं आणू? मी येड्यांच्या दवाखान्यात होतो की! पाया नका पडू, बसा, सगळं सांगतो." एक आजीबाई तेव्हा अर्ध्यावर वाकल्या होत्या. पुरते वाकावे की सरळ व्हावे, हे त्यांना बराच वेळ कळेना. मामी पुढे आठवडाभर पाण्याला बाहेर पडल्या नाहीत.

तेव्हापासून मामांनी जो तोंडाचा पट्टा सोडला तो सोडलाच. घरात कानडी, पेठेत मराठी, गिऱ्हाइके तेलुगू विणकर, रंगारी दखनी बोलणारे. आणि मामा कुठल्याही भाषेत आधी 'वेडा' हा शब्द शिकून घेत. कानडीत हुच्च, तेलुगूत पिच्ची, दखनीत दीवाना. बाकीचे व्याकरण ते हातवाऱ्यांवर भागवत. सुताचा भाव विचारायला गेलेला माणूस मामांच्या झोपेची, दवाखान्यातल्या आमटीची आणि तिथल्या बागेत त्यांनी लावलेल्या वांग्यांची हकिगत ऐकून परते, आणि भाव विचारायचा राहिला हे त्याला घरी गेल्यावर आठवे. एकदा सात रस्त्याच्या चौकात आम्ही स्टेशनकडे जायला टांग्यात बसलो. मामांनी घोडा हलण्यापूर्वीच सुरुवात केली. मी दुसरीकडे तोंड करून बसलो होतो. थोड्या वेळाने टांगेवाल्याने लगाम ओढला आणि मागे न बघताच म्हणाला, "हमारी अम्मा बी ऐसीच बैठती थी मामू. किसी कू बोले नै हम." मग तो बोलतच राहिला, आणि आमचे स्टेशन मागे पडले. गाडी अर्थातच चुकली. मामा मात्र गाडी मिळाल्यासारखे खूश होते.

पण धाकट्या लेकीला, गौराला, बघायला अक्कलकोटहून पाहुणे येणार म्हटल्यावर मामींचा धीर सुटला. आधीची दोन स्थळे मामांच्या तोंडानेच मोडली होती. "पोरीला जन्मभर घरात बसवायची काय?" म्हणून त्या रडल्या. मग त्यांनीच तोड काढली. वार सोमवार होता. मामांनी सिद्धेश्वराचे मौन धरावे. लेकीसाठी मामांनी ते धरले, आणि धरले ते असे की विचारू नका. पाहुण्यांनी नमस्कार केला, मामा नुसते हसले. मुलाच्या काकांनी पाऊसपाणी विचारले, मामांनी आढ्याकडे बोट केले आणि पुन्हा हसले. शेंगापोळी पुढे आली, मामा तिच्याकडे टक लावून बसले. शेवटी काका मुलाच्या आईकडे झुकून कानडीत कुजबुजले, "इवरिगे हुच्चु हिडिदिदेयेनु?" म्हणजे, यांना वेड लागलंय की काय? गप्प बसल्यामुळे मामांना कुणी वेडे ठरवावे, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते!

मामांचे मौन तिथेच संपले. "बरं झालं इचारलं! लागलं हुतं की. आता बरा हाय," म्हणून त्यांनी सगळे सांगितले, मुलाचा ताप, मागांची खटखट, दवाखाना. आत मामींनी कपाळाला हात लावला. गौरा मान खाली घालून बसली होती, तिचे डोळे भरून आले. काका उपरणे सावरून उठले. मुलाची आई मात्र जागची हलली नाही. नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ म्हैसुराकडे नोकरीला आहे, असे तिने आल्या आल्या सांगितले होते. ती हळूच म्हणाली, "मामा, दाराचं कुलूप काढलं तर माणूस पळून न्हाय का जात?"

मामा तिच्यासमोर सरकून बसले. मग म्हणाले, "जातो की. मी दोनदा गेलतो. हाका मारत मागं यावं लागतं, अक्का. पर कुलूप काढा. उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी मामा खरोखरच अक्कलकोटला गेले, आणि पुढे जातच राहिले. गौराचे लग्न त्याच घरात झाले. थोरला पुरता बरा कधी झाला नाही. पण लग्नात तो मांडवात होता, सगळ्यांदेखत, नवा फेटा बांधून. तो मामांना हळूहळू काहीतरी सांगत होता, आणि मामा, आमचे मामा, अक्षता पडून गेल्या तरी एक शब्दही मध्ये न घालता ऐकत होते. एवढे सुंदर मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. आमच्या नात्यागोत्यात अजूनही कुणाच्या घरी असे काही झाले, की आधी दार लोटून घेतात. आम्ही सगळे शहाणे त्या दारावरून हलक्या पावलांनी निघून जातो. ते वाजवायला आता कुणीच नाही, आणि त्या वेळी मला मामांची फार आठवण येते.