संपत्ती कर आणि आमचा पहिला कोलू

लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच यांची मद्रासला बदली झाली. हे आयकर कचेरीत कारकून होते. मद्रासला त्यांना नेमकं नव्यानं लागू झालेल्या संपत्ती कराच्या विभागात बसवलं. मी साताऱ्याची. समुद्र म्हणजे काय तेही तोवर पाहिलं नव्हतं आणि तमिळ म्हणजे एका दमात कितीही लांब बोलता येणारी भाषा, एवढीच माझी समजूत होती.

तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. घरमालक तंजावरकडचे मराठी, निवृत्त वकील. मी त्यांना वकीलमामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. त्यांच्या घराण्याला तमिळ देशात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की त्यांची मराठी ऐकताना वाटायचं, ही भाषा फार पूर्वी घरातून गेली आणि तिकडे मजेत राहिली. मला ती दोन दिवसांत आवडायला लागली. मामी तर पहिल्याच दिवशी आवडल्या.

वकीलमामा सकाळी ओट्यावर इंग्रजी पेपर उघडत आणि सरकारची झडती सुरू होई. सरकार तेव्हा समाजवादाच्या गोष्टी करत होतं. श्रीमंतांकडून कर घ्यायचा आणि देशभर धरणं, रस्ते, पोलादाचे कारखाने उभे करायचे, असा बेत होता. वकीलमामांना त्यातलं काहीच पसंत नव्हतं. "कमावलं त्याच्यावर कर दिला. आतां उरलं त्याच्यावरही द्यायचा? आणि ते पैसे कुठं? नदींत!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आमच्या यांचा मात्र योजनेवर देवावर असावा तसा विश्वास होता. धरणाचा फोटो पेपरात आला की हे तो कापून भिंतीला लावत. मला दोघांचंही थोडं थोडं पटायचं आणि भाजी जळायची.

हे सगळं गमतीत चाललं असतं. पण बोळात बातमी पसरली की मराठी बाईचा नवरा दागिन्यांवर कर बसवणाऱ्या कचेरीत आहे. झालं! मी नळावर गेले की बायका गप्प. जिन्यात भेटल्या की पदर कानांवरून पुढे. समोरच्या घरात रेशमाच्या व्यापाऱ्याची बायको राहायची, हिऱ्याच्या कुड्यांची तिला फार हौस. मला पाहिलं की ती घाईघाईनं आत जायची आणि बाहेर यायची तेव्हा तिच्या कानांत नुसत्या कडुनिंबाच्या काड्या असायच्या. आधी मला हसू आलं. मग राग आला. मी काय सरकारची हेर होते? माझ्या गळ्यात मंगळसूत्र आणि हातात दोन बांगड्या, एवढीच माझी दौलत. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा एकटेपणा जास्त होता. हे कचेरीत गेले की संध्याकाळपर्यंत मामी सोडून बोलायला माणूस नव्हतं. एखाद्या घरी मला कुणी 'ये' म्हणावं, बस म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

नवरात्र आलं. तिकडे नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात. पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या बसवतात, बायका एकमेकींकडे कुंकवाला जातात, कोलूपुढे बसून प्रत्येकीनं एक गाणं म्हणायचं आणि सुंडल खाऊन, पानसुपारी घेऊन उठायचं. सुंडल म्हणजे खोबरं घातलेली कडधान्याची उसळ. बायका त्या दिवसांत पेटीतलं सगळं अंगावर घालतात, कारण एरवी घालणार कधी? मी ठरवलं, आपणही कोलू मांडायचा. कुंकवाचं बोलावणं कुणी सवाष्ण मोडत नाही, हे मला साताऱ्यापासून ठाऊक होतं.

पेट्या आणि फळ्या लावून मी चार पायऱ्या केल्या. मामी वर आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अय्यो, चार कां केलीस गे? पायऱ्या विषम असतात. कोण शिकवलं तुला?" कुणीच नाही, मी म्हणाले. मग त्यांनीच आपला पाट आणून पाचवी पायरी केली आणि अर्ध्या बाहुल्याही दिल्या. खालच्या अंगाला वाळू पसरून खेडं, देऊळ, बाग करायची रीत आहे. ते काम यांनी मागून घेतलं. दोन संध्याकाळी मान मोडून त्यांनी काय केलं, तर धरण! मातीची भिंत, मागे पत्र्याच्या ताटात पाणी, पुढे शेतं म्हणून पेरलेले मोहरीचे हिरवे अंकुर. देवीच्या पायाशी पंचवार्षिक योजना. मी म्हणाले, "निदान एक बैलगाडी तरी ठेवा." त्यांनी ट्रक ठेवला.

पहिल्या दिवशी बायका आल्या. सगळ्या आल्या, पण कशा? लंकेच्या पार्वती जणू. मोकळे गळे, मोकळे कान. कुंकू लावून घेतलं, सुंडल पानात बांधून घेतलं आणि उभ्याउभ्याच निघायला लागल्या. गाणं नाही, बसणं नाही. मी हसतमुखानं पानसुपारी देत होते आणि आतून रडत होते.

तेवढ्यात वकीलमामा कोलू बघायला वर आले. धरण दिसताच त्यांना स्फुरण चढलं. छडीनं धरण दाखवत ते बायकांना तमिळमध्ये म्हणाले, "बघा, तुमच्या कुड्या कुठे जाणार आहेत ते! ह्या भिंतीत!" समोरच्या बाईनं कुड्या नसलेले कान पदरानं झाकले.

आमच्या यांना माझा चेहरा दिसत असावा. बिचाऱ्यांना वाटलं, आता सगळ्यांची भीती घालवावी म्हणजे आपल्या बायकोला मैत्रिणी मिळतील. ते पुढे झाले आणि हात जोडून इंग्रजीत म्हणाले, "आपण कुणी काळजी करू नका. हा कर फार मोठ्या श्रीमंतांसाठी आहे. ह्या बोळात एकाही घराला तो लागू होणार नाही. मी खात्रीनं सांगतो."

वकीलमामांनी ते तमिळमध्ये सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज वाक्यागणिक खाली येत गेला. मला वाटलं, आता सगळ्या सुटकेचा श्वास सोडतील. पण कुणाच्या घरी काही वाईट झाल्यासारखे सगळ्यांचे चेहरे उतरले. समोरच्या बाईचे डोळे बारीक झाले. वकीलमामा खुर्चीवर बसले आणि मराठीत म्हणाले, "म्हणजे आमच्यापाशीं कांहींच नाही, असं म्हणतां तुम्ही?"

"तसं नाही, मामा, पण—"

"माझाही नंबर लागत नाही?"

"नाही लागत," हे म्हणाले. यांना खोटं बोलता येत नसे, हा आमच्या संसारातला मोठाच अडथळा होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बोळातल्या सगळ्या मुठी माझ्या नवऱ्यानं एका वाक्यात उघडून टाकल्या. कर भरावा लागेल म्हणून इतके महिने सगळी घाबरली होती खरी, पण त्या भीतीत मिरवणंही होतं, हे मला तेव्हा कळलं. सरकार आपल्या मागे लागलंय म्हणजे आपण कुणीतरी आहोत! बायका तोंडं फुगवून जिना उतरल्या. मी यांच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कुणी फिरकेल अशी मला आशा नव्हती. तरी सुंडल केलं. दिवेलागणीला जिन्यात बांगड्यांचा आवाज आला. आधी एकीच्या, मग दोघींच्या, मग मोजवेना. दारात बघते तो समोरची बाई! कानांत कुड्या, नाकात दोन्ही बाजूंना हिरे, कमरेला सोन्याचा पट्टा, दंडाला वाकी. मागून सगळा बोळ तसाच नटून आलेला. काहींनी बहिणींकडचे, जावांकडचे दागिने आणलेले असावेत, कारण एका बाईचा हार तिच्या पोटापर्यंत आला होता आणि ती तो सारखा वर ओढत होती. प्रत्येक बाई आत आली की मान वळवून आमचे हे कुठे आहेत ते बघायची. त्यांना दाखवायचं होतं ना! हे मात्र स्वयंपाकघरात सुंडल ढवळत लपून बसले होते. शेवटी मीच त्यांना बाहेर बोलावलं. ते आले, एकेका दागिन्याकडे बघत राहिले आणि नमस्कार करून परत गेले. बायकांचं समाधान झालं. त्या बसल्या, चांगल्या मांडी घालून बसल्या.

वकीलमामाही जरीच्या उपरण्यात, बोटांत अंगठ्या घालून आले आणि दाराशी उभं राहून म्हणाले, "कर लागो न लागो, माझा विरोध तत्त्वाचा अहे." मग धरणाची भिंत एका कोपऱ्यात पाझरत होती ती त्यांनी वाकून बोटानं लिंपली.

मामी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी आपल्या गळ्यातली सोन्याच्या नाण्यांची माळ काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात घातली. "अस्क्या बायका सजून बसल्या, आणि आमच्या घरची लेक ओक्याबोक्या गळ्यानं वावरते? बरं दिसतं कां?" माळ जड होती आणि त्यांच्या अंगाच्या उबेनं कोमट होती. लेक हा शब्द ऐकून मला एकदम आईची आठवण झाली आणि डोळे भरून आले. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

मग गाणी झाली. समोरच्या बाईनं माझ्याकडे बोट केलं, आता तू. मी आमच्याकडचं हादग्याचं गाणं म्हटलं. कुणालाही अक्षर कळलं नसणार, पण दुसऱ्या कडव्यापासून त्या टाळ्या वाजवायला लागल्या. निघताना समोरच्या बाईनं माझा हात धरला आणि सावकाश, मला समजेल अशा तमिळमध्ये म्हणाली, "उद्या आमच्याकडे ये. लवकर ये, बसायला ये. पण नवऱ्याला आणू नकोस. तो आमच्या घरी येऊन माझ्या सासूसमोरसुद्धा म्हणेल, तुमच्याकडे काहीच नाही."

मी इतकी हसले की मला बोलता येईना. मान मात्र लगेच डोलावली.