सोमीबाईच्या पोटातला उजेड

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला काऊन सांगून राह्यली — मलाच कळत नाही.

आधी तो मासा तर बघा. झेब्रा मासा — बोटभर, अंगावर निळे पट्टे. त्याचं पिल्लू इतकं आरपार, की सूक्ष्मदर्शकाखाली आतडं हलताना दिसतं. अंडी धुऊन जंतूंशिवाय पिल्लं वाढवायची, मग माणसाच्या आतड्यातले जंतू रंगवून पाण्यात सोडायचे. पिल्लू ते गिळतं — आणि केसाएवढ्या आतड्यात हिरवे ठिपके उजळतात! काय जीव आहे हो! चंद्रपूरच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा ते पाहिलं, त्या दिवशी मी जेवायचंच विसरले.

आम्हाला मोहफुलं, आंबील, रानभाज्या खाणाऱ्या पोटातले जंतू हवे होते. धानोऱ्यापलीकडच्या एका गावात मी शौचाचा नमुना मागितला, तर सगळं गाव खो-खो हसलं. एकटी म्हातारी सोमीबाई तयार झाली. सकाळी डबी हातात देत म्हणाली, "घे वो बाई. पर काय दिसलं ते मले दाखवजो."

एसटी खच्चून भरलेली. डबी ठेवलेला बर्फाचा डबा धरून हात भरून आले. मी तो ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि उभ्या-उभ्या डुलकी काढली. काय म्हणावं मला? चंद्रपूरला उतरले, तर बर्फाचं कढत पाणी झालेलं. नमुना गेला.

परत जायला हवं होतं. पण पिल्लं तयार होती, प्रयोगशाळेतले सर रागावतील ही धास्ती होती, आणि — त्या गावात कोणत्या तोंडाने जायचं? मी दुसरी डबी घेतली. स्वतःचा नमुना दिला. वर सोमीबाईचं नाव लिहिलं.

जंतू मस्त रुजले. सरांनी पाठ थोपटली. मी त्या हिरव्या ठिपक्यांचा फोटो छापून सोमीबाईला नेऊन दिला. तिने तो उन्हात धरला, बघतच राहिली.

"एवढा उजेड? माह्या पोटात?"

मी हो म्हटलं.

अजूनही जाते मी तिच्याकडे. फोटो तिने दाराशी लावलाय. तेव्हा हसलेल्या बायांना ठसक्यात दाखवते — "हे माह्ये!" त्यातला एकही ठिपका तिचा नाही. मग ती मला बसवते, आंबील देते.

मी पिते.