वरचा दात

"दात येतायत." हे दोन शब्द कुणी सहज जरी उच्चारले तरी अजून माझं डोकं फिरतं. २०१६च्या उन्हाळ्यात आमच्या डहाणूच्या घरात सलग तीन दिवस दुसरं काही ऐकू येत नव्हतं. माझी मुलगी आठ महिन्यांची. एका सकाळी तिला पाच-सहा वेळा पातळ शी झाली, अंगही कढत लागलं. सासूबाईंनी तिची गळणारी लाळ बघून निकाल दिला: दातांचे जुलाब, आपोआप थांबतात, पाणी पाजू नकोस, त्याने वाढतात, घट्ट गुरगुट्या भात चाटव. नवरा रेल्वेत. ड्युटीवर निघता निघता म्हणाला, आईला कळतं.

मी शाळेत शिकवते. पाचवीच्या मुलांना मीठ-साखरेच्या पाण्याची कृती वहीत लिहायला लावते, पेल्याचं चित्र काढून घेते. आणि घरी तो पेला भरलाच नाही. अंगावर पाजतेय ना, मग झालं, असं मनाशी म्हणत बसले. पोरगी तेही धड ओढत नव्हती. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना तिच्या वरच्या हिरडीवर पांढरा ठिपका दिसला आणि घराचा नूरच पालटला. वरचा दात आधी आला की तो मामाला जड जातो म्हणे. मामाने चांदीची वाटी आणायची, दात आधी त्याने बघायचा. तोवर त्याला कुणी बोट लावायचं नाही आणि मुलीला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. मी डॉक्टरांचं नाव काढलं, तर सासूबाई म्हणाल्या, "एकच भाऊ आहे ना तुला? मग एक दिवस थांब."

बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं त्यांनी. आणि मी थांबले. भाऊ झाईला, माहेरच्या चिकूच्या वाडीत असतो. त्याला फोनवर वाटीचं सांगितलं, दाताचं सांगितलं. जुलाबांचं सांगितलंच नाही. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो आला. वाटी पिशवीतच राहिली. त्याने भाचीला उचललं, ती कुरकुरत रडायला लागली आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "ताई, ही रडतेय, पण डोळ्यांत पाणी कुठाय?"

सासूबाई आधी दात बघ म्हणत मागे येत होत्या, तोवर तो तिला घेऊन रिक्षात बसलासुद्धा. मी अनवाणीच धावले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटची शू कधी केली. मला सांगता येईना. ठिपका किती वाजता दिसला ते मात्र पाठ होतं. सलाइन लावताना त्यांनी मला चांगलंच झापलं. दातांनी लाळ गळते, हिरडी सुजते, मूल दिसेल ते चावत सुटतं, फार तर किरकिरतं. असे जुलाब दातांनी होत नाहीत. आणि जुलाबात पाणी तोडायचं कुणी सांगितलं? मग ओला कापूस घेऊन त्या तिचं सुकलेलं तोंड पुसायला लागल्या. मी घाईघाईने म्हणाले, वरचा दात आहे, जपून.

त्यांनी पुसलं. ठिपका कापसावर आला. भाताचं शीत होतं. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की ते हिरडीला चिकटून बसलं होतं.

मुलगी वाचली. महिन्याभराने दात आला तो खालचा, ना ताप ना जुलाब. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, मामाची वाटी घरात आली म्हणून पोर वाचली. पूर्वी मी आत निघून जायचे. आता जात नाही. सगळ्यांसमोर म्हणते, "आई, ते शीत होतं. पोरगी सुकत होती आणि आपण शीत जपत होतो."