सहा देशांना एकच कारण

मॅडमनी सत्तेचाळिसाव्या पानावर बोट ठेवलं. "ताई, हे काय करून ठेवलं? सहाही देशांना एकच कारण?"

त्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधाच्या पाच प्रती टेबलावर होत्या. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, सगळं तयार. चारच्या आत कॉलेजात जमा करायच्या होत्या आणि अकरा वाजून गेले होते.

मी जबलपूरच्या चेरीताल भागात टायपिंगच्या दुकानात काम करते. मूळची वाशीमकडची, आठवीत शाळा सोडलेली, लग्नानंतर इकडे आलेली. दुकानाच्या मालकीणबाईंनी, दीदींनी, मला माउस धरण्यापासून शिकवलं. हे काम गेलं तर दुसरं कोण मला कॉम्प्युटरसमोर बसवणार होतं?

मॅडमही मराठीच. त्यांचा विषय असा, की अणुबॉम्ब बनवता येत असूनही काही देश तो का बनवत नाहीत. हातानं लिहिलेल्या टेबलात जपानसमोर कारण होतं, 'संरक्षणाला मोठा मित्रदेश आहे'. खालचे खाने, म्हणजे रकाने, रिकामे. हजेरी, याद्या लिहून आणणारे लोक रिकामा खाना ठेवतात तो 'वरच्यासारखंच' म्हणून. मी सवयीनं वरचं कारण खालपर्यंत ओढलं. खरी कारणं कागदाच्या मागे पिन लावलेल्या चिठ्ठीवर होती. मी कागद उलटलाच नव्हता.

दीदी माझ्या बाजूनं बोलल्या. "नहीं बनाया तो नहीं बनाया, मॅडमजी. बात तो एक ही है ना?"

"एक कशी? ब्राझील आणि अर्जेंटिना शेजारी. एकानं बनवला तर दुसरा बनवणारच. म्हणून दोघांनी एकमेकांना तपासणी करू दिली. स्वीडनमध्ये लोकच विरोधात गेले. दक्षिण आफ्रिकेनं तर बनवलेले मोडले."

दीदींनी शेजारच्या दुकानाकडे पाहिलं. "अच्छा. जैसे इन्होंने बाहर गानों का स्पीकर नहीं लगाया, तो हमने भी नहीं लगाया."

"हो. पण ते तुमचं कारण झालं. कोपऱ्यावरच्या दुकानाचं वेगळं असेल."

बांधलेलं पुस्तक उसवायला वेळ नव्हता. मी पान नव्यानं टाइप केलं. मॅडमनी प्रत्येक खाना चिठ्ठीशी ताडून पाहिला. मग मी जुनं पान शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून कापलं आणि नवं त्या पट्टीवर चिकटवलं. असं पाच वेळा. तिसऱ्या प्रतीला पुठ्ठा सारखा मिटायला लागला, तेव्हा मॅडमनी तो धरून ठेवला. अडीच वाजता त्या प्रती घेऊन निघाल्या. दीदी एवढंच म्हणाल्या, "चलो, चाय पी ले."

पुढच्या आठवड्यात मॅडम प्रबंध जमा झाल्याचे पेढे घेऊन आल्या. जाताना थांबल्या. "ताई, तू शाळा काहून सोडली?"

लोक माझ्या या रिकाम्या खान्यात 'गरिबी' असं स्वतःच भरून टाकतात. माझ्या बाबांकडे शेत होतं, घर चांगलं होतं. मला वर्गात मोठ्यानं वाचताना अडखळायला व्हायचं आणि पोरं हसायची, म्हणून सोडली. हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, कारण पहिल्यांदा कुणी विचारलं.

आता रिकामा खाना दिसला की मी आधी कागद उलटून बघते. तिथंही काही नसलं तर ज्यांचा कागद त्यांना फोन लावते.