खंदकातली जागा

लातूर जिल्हा झाल्यापासून माझ्या दुकानासमोर सारखं खोदकाम चालू आहे. काल कोरड्या मातीचा वास आत आला आणि गिऱ्हाइकाशी चाललेली घासाघीस अर्धीच राहिली.

उदगीरला आमच्या अंगणात दादांनी, म्हणजे वडिलांनी, असाच खंदक खणला होता. पाकिस्तानशी लढाई चालू होती. कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा वाजला की विमान आलं समजून आत उतरायचं. त्यातच दुष्काळ. गल्लीत पाणी होतं ते फक्त शेजारच्या गंगाकाकूंच्या आडाला, आणि त्या आम्हाला दिवसाला एकच घागर देत. तो राग मला आजही आहे.

एका संध्याकाळी भोंगा वाजला तेव्हा घरात मी एकटीच होते, दहा वर्षांची. खंदकात उतरले, तोच काकू तान्ह्या लेकीला घेऊन धावत आल्या. मी हात पसरून वाट अडवली.

"रोज दोन घागरी देता का? मग उतरा."

"मला नको गं बाई, हिला तरी घे."

"आधी हाव म्हणा."

"हाव. देते."

विमान आलंच नाही. घागरी मात्र येऊ लागल्या. दादा म्हणाले, "लई हुशार पोरगी हाय."

पुढं आड आटला. काकू लांबून, तळ्यावरून पाणी आणू लागल्या, तरी आधी आमच्या ओट्यावर दोन घागरी ठेवत. आई म्हणाली, "आता राहू द्या."

"न्हाई, पोरीसंगं बोली झालीय," म्हणत त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

माझ्या एका शब्दानं त्या सुटल्या असत्या. मी दोन्ही घागरी उचलून आत नेल्या.