फुलांचा रविवार

“माझ्या पणजीच्या वर्षात आज…” असं म्हणत ते टेबलावरच्या कॅलेंडरवर पेन्सिल टेकवायचे, आणि कतारमध्ये, मुशैरिब भागातल्या आमच्या ऑफिसातली सकाळ सुरू व्हायची. वेल्सचे म्हातारे इंजिनिअर. माझी लेक त्यांना वेल्सआजोबा म्हणायची. मीही तेच म्हणते.

पणजी राणी व्हिक्टोरियाच्या काळात एका शेतावर मोलकरीण होती. तिचं वर्ष आजोबांनी आपल्या आजीकडून ऐकून पाठ केलेलं. एक जानेवारीला सफरचंदाला तीन काड्यांचे पाय लावून पोरं दारोदार गात फिरायची. नोव्हेंबरात डुक्कर कापायचं. “अहो, डबा उघडलाय मी!” असं मी ओरडले की ते गालात हसायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच, मनाने भलत्याच गावात राहणारा.

एकदा जुलैत, बाहेर नुसती भट्टी पेटलेली, आणि हे म्हणाले, “आज वाळलेलं गवत गोळा करायचं, पाऊस यायच्या आत. सगळे शेजारी येतात.”

“म्हणजे आमचं इर्जिक! नाशिकजवळ मामाच्या गावी बोलावणं गेलं की सगळे बैल घेऊन हजर.”

“आमच्याकडे बोलावत नाहीत,” ते म्हणाले. “गवत वाळलेलं सगळ्यांना दिसतंच की.”

‘इर्जिक’ मात्र त्यांनी पेन्सिलीने लिहून घेतलं.

एक सुट्टी ते हट्टाने घ्यायचे: ईस्टरच्या आधीचा रविवार. इथे रविवार कामाचा. पणजीच्या गावात त्या दिवशी सगळे आपल्या माणसांच्या कबरी धुऊन, चुना लावून, फुलांनी भरून टाकत. जिच्यावर फूल नाही, तिच्या मागे कुणी उरलं नाही असं गाव समजे. आजोबांची बायको कतारमध्येच गेली, शहराबाहेरच्या दफनभूमीत आहे. मूलबाळ नाही. तिच्यासाठीच हा माणूस नोकरीचा करार वाढवत राहिला होता.

मग करार वाढला नाही. “खलास,” ते हसून म्हणाले. ते हसणं मला बघवेना. वेल्सला परत निघताना त्यांनी चुन्याचा ब्रश माझ्या हातात दिला. “घराला लागेल.” अबू हमूर भागातल्या आमच्या भाड्याच्या घराला कसला चुना? त्यांनी मागितलं काहीच नाही. आणि मीही मेली गप्प राहिले. बायकांनी स्मशानात जायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या वर्षी तो रविवार आला. मी सुट्टी टाकली. साहेबांनी विचारलं, “काय काम?” म्हटलं, “घरचं.”

कबरीवर बोटभर वाळू चढली होती. पुसली, चुना लावला, झेंडू ठेवला. सवयीने चपला लांब काढल्या होत्या. तळपाय चांगलेच पोळले. आजोबांना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, एकच शब्द: इर्जिक.

यंदा थंडीत त्यांच्या पुतणीचा मेसेज आला. आजोबा गेले. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

आता फोटो पाठवायला कुणी नाही. तरी फुलांच्या रविवारी सकाळी बादलीत चुना कालवत होते, तर लेक दारात. “आई, हू आस्क्ड यू?”

“कुणीच नाही गं. गवत वाळलंय, एवढंच. चल, तू फुलं घे.”