काकांच्या मृत्यूची तारीख

माझे काका घरातून गेले ते भर दुपारी, एका उन्हाळ्यात. वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन त्यांनी जळगावात मेहरूणला छोटं घर बांधलं होतं. ओट्यावरून त्यांनी काकूला हाक मारून सांगितलं, "चपलेला टाके घालून आणतो." पायात घरातली स्लीपर, हातात चामड्याची चप्पल, असे ते फाटकाबाहेर पडले. चपला शिवणाऱ्याने पुढे पोलिसांना सांगितलं की साहेबांनी टाके घातलेली चप्पल तिथेच पायात चढवली आणि घराच्याच दिशेने गेले. घरी ते पोहोचले नाहीत.

मेहरूणच्या तलावात शोधलं, भुसावळचं स्टेशन, शेगाव, उज्जैन, सगळं झालं. घरात भांडण नव्हतं, डोक्यात बिघाड नव्हता. माणूस नाहीसा झाला, एवढंच.

काकूला मूलबाळ नाही. माझे वडील काकांचे धाकटे भाऊ, तेही मध्यंतरी वारले. मी जळगावातच कॉलेजात शिकवते, त्यामुळे काकूचं दवाखान्याचं वगैरे माझ्याकडेच होतं. काकांना जाऊन आठेक वर्षं झाल्यावर तिला हृदयाचं दुखणं निघालं, तेव्हा दवाखान्यातून परतताना रिक्षात ती म्हणाली, "मी गेल्यावर हे घर कुणाचं गं? एखादा चांगला वकील बघ. मला लिहून ठेवायचंय."

मला वाटलं सोपं काम आहे. पण घर काकांच्या नावावर होतं. जळगावातल्या पहिल्या वकिलांनी कागद चाळून सरळ विचारलं, "मालक मेलेत की जिवंत आहेत? आधी ते ठरवा. मग मृत्युपत्राचं बघू." दुसरे गोड बोलणारे होते. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "आपण जुन्या तारखेचा एक मृत्यूचा दाखला काढून घेऊ. ओळखीचं गाव आहे, तिथली ग्रामपंचायत देईल." काकू चहा तसाच ठेवून उठली. जिन्यात मला म्हणाली, "नवऱ्याला मारायचं, तेही दुसऱ्याच्या गावात?"

शेवटी कॉलेजातल्या एका मैत्रिणीने धुळ्याच्या वकीलबाईंचं नाव सुचवलं. त्या फक्त वारसाहक्काची आणि मृत्युपत्रांचीच कामं घेत. आम्ही एसटीने धुळ्याला गेलो. बाई पन्नाशीच्या, आवाज खालचा. काकूचं माहेर शिरपूरकडचं आहे हे कळताच त्या अहिराणीत बोलू लागल्या आणि काकू खुर्चीत सैल झाली.

"अक्का," बाई म्हणाल्या, "सात वर्षं माणसाची काही खबर नसली तर कोर्ट त्याला मृत धरतं. पण कोर्टात शपथेवर एक प्रश्न येईल. ते जिवंत असते तर ज्यांना कळलं असतं त्यांनी, म्हणजे तुम्ही, त्यांच्याबद्दल काही ऐकलंय का?"

काकूने पदर नीट केला. "ऐकू येस ना. रोज ऐकू येस."

रोज ऐकू येतं, म्हणाली; मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं.

काकू सावकाश सांगत गेली. दुपारी, जेवणं आटोपून ती आडवी झाली की फाटकाची कडी वाजते. मग ओट्याच्या फरशीवर चामड्याची चप्पल करकरते, नव्याने टाके घातल्यावर करकरते तशी. मग एक चप्पल काढल्याचा आवाज. मग दुसरी. पुढे काही नाही. दार वाजत नाही.

"तुम्ही दार उघडून बघता?"

"सुरुवातीला बघायचे. आता नाही बघत. मी बघितलं की दुसऱ्या दिवशी येत नाहीत." ती माझ्याकडे वळली. "तुला सांगितलं नाही, कारण तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस."

खरंच नेलं असतं. त्या क्षणीही माझ्या मनात डॉक्टरच आले. बाई मात्र म्हणाल्या, "मी एकदा घरी येते. शपथेवर काय सांगायचं ते त्यानंतर ठरवू."

त्या आल्या तेव्हा मे महिना होता. जेवणानंतर आम्ही तिघी पुढच्या खोलीत बसलो. बाईंनी कूलर बंद करायला सांगितला. तो थांबल्यावर घर एकदम उघडं पडल्यासारखं झालं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काकू भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मी मनात म्हणत होते, काही होऊ नये, आणि झालं नाही तर काकूला काय वाटेल, हेही.

कडी वाजली.

वाऱ्याने वाजते तशी खडखडली नाही, उचलून पुन्हा खाली ठेवल्यासारखी वाजली. मग ओट्यावर करकर, सावकाश. काका तसेच चालायचे, किंचित उजव्या पायावर जोर देऊन. ते मी इतक्या वर्षांत विसरले होते. दाराशी थांबून एक चप्पल निघाली. मग दुसरी.

मी काकूकडे वळून पाहिलं. काकूने डोळे उघडले नाहीत. तिच्या चेहऱ्यावर, कामावरून कुणी घरी आल्यावर असतो, तसा साधा निवांतपणा होता.

बाई उठल्या आणि काकूला विचारून त्यांनी दार उघडलं. ओटा रिकामा. फाटकाची कडी आम्ही लावली होती तशीच लागलेली. फरशी इतकी तापलेली की उंबऱ्यातही तिची झळ लागत होती. बाईंच्या आणि माझ्या चपला दाराच्या एका अंगाला सरकलेल्या होत्या, दारासमोर जागा करून. आम्ही काढताना त्या तशाच काढल्या होत्या की नाही, मला आजही आठवत नाही.

बाईंनी दार लावलं. पाणी प्यायल्या. मग काकूच्या शेजारी खाली बसून म्हणाल्या, "अक्का, मीही ऐकलं. तुम्ही खोटं बोलत नाही. पण कायदा जिवंत माणसाची खबर विचारतो. पत्र, फोन, कुणी डोळ्यांनी पाहिलेलं. असं काही आलंय?"

काकूने बंद दाराकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "तसं काही नाही आलं."

ती रडली ती तेव्हा, त्या दुपारी. काका गेल्यानंतर तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

जळगावच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला. पेपरात काकांच्या फोटोसह जाहीर नोटीस आली, पोलिसांचा अहवाल आला. कुणी पुढे आलं नाही. साक्षीच्या दिवशी काकू पिंजऱ्यात उभी राहिली, कपाळावर कुंकू होतंच. प्रश्न आला. ती म्हणाली, "जिवंत माणसाची म्हणावी अशी काही खबर नाही." न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पुन्हा विचारलं. तिने तेच शब्द पुन्हा सांगितले. ते तसेच टाइप झाले.

निकाल आमच्या बाजूने लागला. महापालिकेच्या दाखल्यावर तारीख आली ती दावा दाखल केल्याची. बाईंनी समजावलं, काका नेमके कधी गेले हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, म्हणून कोर्टाने तो दिवस धरला. मला तो दिवस आठवत होता. कोर्टाच्या कँटीनमध्ये आम्ही तिघींनी वडे खाल्ले होते.

काकूने विचारलं, "म्हणजे त्या दिवसापर्यंत ते होते?"

"कागदावर होते, अक्का."

"मग मी ऐकायचे ते बरोबरच होतं." त्या संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं. मला जवळ येऊ दिलं नाही.

दुपारचा आवाज थांबला का, हे मी तिला विचारलेलं नाही. मी रविवारी सकाळी जाते आणि जेवणाआधी निघते.

मृत्युपत्र करायला आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. घर कुणाला, असं बाईंनी विचारल्यावर काकूने माझ्याकडे बोट दाखवलं. मला ते अपेक्षित नव्हतं. तिच्या बहिणीच्या मुली आहेत, मला वाटलं त्यांना देईल. बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग काकूला म्हणाल्या, "घराबरोबर आणखी काही लिहायचंय? काही अट, काही सांगणं?"

"नही," काकू म्हणाली. "त्या घरमा काय शे ते तिले ठाऊक शे."

ज्याला मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, सही होताना जवळही थांबू नये, म्हणून बाईंनी मला बाहेर पाठवलं. बाईंच्या ओळखीचे एक डॉक्टर आणि एक शिक्षक साक्षीदार म्हणून आत गेले. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. नको म्हणावं असं तेव्हा फार वाटलं. आत जाऊन म्हणता आलं असतं, दार नुसतं लोटलेलं होतं. पण काकूचा आवाज येत होता, ती साक्षीदारांना काहीतरी सांगून हसवत होती. मी बसून राहिले.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगठ्याला शाई होती. पदराच्या टोकाने ती पुसत म्हणाली, "चल, भूक लागली. स्टँडसमोर बरी थाळी मिळते."